गोदूचा आवाज आणि ट्रान्झिस्टर

१२ जानेवारी

तनया मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही आणली. रोज काय ऐकू आलं, काय नाही, ते लिहायचं. म्हणजे पुढच्या वेळी त्यांना कानाचं मशीन कमी-जास्त करता येईल. धामणकर नाक्याजवळच्या दवाखान्यात त्या कान तपासतात. आमच्या लेकीपेक्षा, सुकन्येपेक्षा, लहानच असतील. त्यांनी विचारलं, "काका, काम काय करायचात?" म्हटलं, छत्तीस वर्षं लूमवर जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करायचो. त्या हसल्या. म्हणाल्या, "भिवंडीत खरं तर हे विचारायची गरजच नसते."

आज ऐकलेले आवाज : प्लॅस्टिकच्या पिशवीचा. रिक्षाच्या मीटरचा. माझ्या स्वतःच्या चपलांचा. आमच्या गावी, शेलारला उतरल्यावर कोंबड्यांचा, तो फार मोठा.

घरी आल्यावर माझी बायको गोदू समोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता आयकू येतंय का?" बारा-पंधरा वर्षांनी ती माझ्याशी न ओरडता बोलली. मी मान हलवली. पण आवाज तिचा वाटला नाही. जाडा, खरखरीत, पुरुषासारखा. लग्नात ओव्या म्हणायला गोदूला दोन गावांतून बोलावणं यायचं, तो आवाज मला पाठ आहे. सुकन्येला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, नवीन मशीन आहे. सवय व्हायला वेळ लागतो." सुकन्येचा आवाज मात्र फोनवरसुद्धा चांगला आला.

१७ जानेवारी

मॅडमनी दिलेला अभ्यास : घरातल्या कोणीतरी रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायचं, मी डोळे मिटून ऐकायचं. गोदू सातवी शिकलेली आहे. दुपारी भांडी आवरली की ती पेपर घेऊन बसते. जागावाटप, अपघात, सोन्याचा भाव, सगळं वाचते. तीन-चार ओळी झाल्या की थांबते, कोमट पाणी पिते, पुन्हा सुरू करते. अर्ध्या तासाची वीस मिनिटं होतात. पूर्वी शेतावर दिवसभर बोलायची तरी दमायची नाही. वय झालं दोघांचं.

२२ जानेवारी

मशीन शिट्टी मारतं. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, कानात नीट बसलं नाही तर मारतं. पण गंमत अशी की अंगणात गेलो की बंद होते. देवळात गेलो, तिथेही नाही. घरात गोदूजवळ बसलो की पुन्हा बारीक शिट्टी, थांबून थांबून. मशीन चार वेळा काढून घातलं. गोदू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. उगाच कान दुखंल."

३१ जानेवारी

दवाखान्यात गेलो होतो. दोन तक्रारी सांगितल्या, खरखर आणि शिट्टी. मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडून तपासलं. मला कानात वेगवेगळे आवाज ऐकवले. म्हणाल्या, "मशीन उत्तम आहे काका. तुमचं ऐकणंही चांगलं सुधारलंय." मी विचारलं, एवढ्याशा वस्तूत आहे तरी काय? त्या म्हणाल्या, "एक चिप आहे, आणि त्या चिपमध्ये लाखो ट्रान्झिस्टर."

मला हसू आलं. ट्रान्झिस्टर म्हणजे आमच्यासाठी खांद्याला अडकवायचा रेडिओ. तो बाजरीच्या दाण्याएवढ्या जागेत एक मावणार नाही, लाखो कुठले? मॅडमही हसल्या, पण समजवायला वेळ नव्हता, बाहेर माणसं बसली होती.

निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी काकूंना घेऊन या. नक्की आणा." बरोबर आहे, तिच्याच आवाजाची तक्रार आहे तर तिच्या आवाजावरच मशीन लावून बघायला हवं.

६ फेब्रुवारी

गोदू यायला तयार नाही. "मना काय झालंय? कान तुमचं, मी कशाला येऊ?"

सुकन्या रविवारी कशेळीहून आली होती. तिथल्या एका गोडाऊनच्या ऑफिसात ती कामाला आहे. आईला बघून म्हणाली, "किती बारीक झालीस गं!" गोदू म्हणाली उपास धरलेत. खरं आहे, भाकरी खातच नाही सध्या, नुसती पेज पिते. दात दुखतो म्हणाली. बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकतात.

८ फेब्रुवारी

आज माझं चुकलं. गोदू वाचत होती, मला शब्द कळेनात. मी चिडून म्हटलं, "जरा तोंड उघडून बोल ना. घशातल्या घशात काय वाचतेस? मशीन काय करणार मग?" तिनं पेपर घडी केला आणि उठून गेली. संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलली नाही. एवढ्या वर्षांनी कान आले, आणि ऐकायला घरात काही नाही.

१४ फेब्रुवारी

हे नीट लिहायला हवं.

आज अनंताकडे गेलो. अनंता माझ्या वर्गातला. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, आता मोबाइलही करतो. त्याला म्हटलं, दवाखान्यातली पोरगी मशीन बरं आहे म्हणते, तू बघ. तो म्हणाला, "हे उघडायचं न्हाय, मोडंल. पन तुला समजावतो." त्यानं एका भंगार रेडिओचं झाकण काढलं आणि चिमट्यानं एक काळा दाणा वर केला. खाली तीन तारा, पायांसारख्या.

"ह्यो ट्रान्झिस्टर. आपन आख्ख्या रेडिओला ट्रान्झिस्टर म्हनायचो, ते ह्याच्यावरनं. पोटातल्याचं नाव पेटीला पडलं."

त्यानं सांगितलेलं मला समजलं तसं लिहितो. तीन पायांतल्या एका पायावर बारीकशी वीज येते, आवाजाची. बाकी दोन पायांतून बॅटरीची मोठी वीज जायला बघते. बारीक वीज जशी कमी-जास्त होते, तशी ती मोठीला सोडते किंवा अडवते. अनंता म्हणाला, "नळाची चावी बघ. फिरवायला दोन बोटं लागतात, पानी टाकीचं. चावी जशी हलंल तशी धार हलती. तुझ्या मशीनमधे ह्येच हाय, फकस्त लाखांनी, आनि डोळ्यांना दिसनार न्हाय असं."

मी विचारलं, नाव असलं कसलं? त्याला ते माहीत होतं, कोर्सला शिकवलं होतं म्हणे. ट्रान्सफर म्हणजे इकडचं तिकडे पोचवणं आणि रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारा, या दोन शब्दांची गाठ मारून झालेला शब्द. अमेरिकेत टेलिफोनच्या एका कंपनीत स्वातंत्र्याच्याच वर्षी ती वस्तू तयार झाली, आणि तिला काय म्हणायचं यासाठी पुढच्या वर्षी तिथल्या लोकांत पाच-सहा नावं लिहून कागद फिरवला. जास्त मतं या नावाला पडली. मी म्हटलं, "आत्याबाई नव्हती वाटतं बारशाला." दोघंही हसलो. तो म्हणाला, लोकांच्या हातात हा पहिल्यांदा रेडिओतून आलाच नाही. आधी आला तो बहिऱ्यांच्या मशीनमधून.

मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, तुझा हा दाणा बिघडला की आवाजात खरखर येते ना?

"येती की."

"मग तेच झालंय. गोदूचा आवाज फाटका येतो."

"आनि माझा?"

"तुझा बरा येतो."

"सुकन्येचा?"

"चांगला."

अनंतानं चिमटा खाली ठेवला. "केसरी, ह्यो दाना बिघडला तर सगळ्यांचाच आवाज फाटंल. एकट्या वहिनीचा कसा फाटंल? चावी पानी बनवत न्हाय. टाकीत गढूळ असंल तर नळाला गढूळच येनार."

 त्यानं भंगार रेडिओचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "गेल्या म्हयन्यात वहिनी बाजारात भेटली व्हती. मना वाटलं सर्दी असंल. तिला घसा दाखव, केसरी. आज दाखव."

शेअर रिक्षात बसलो तेव्हा मागचं एकेक पान डोळ्यांपुढे आलं. कोमट पाणी. पेज. बांगड्या. शिट्टी फक्त तिच्याजवळ वाजायची. मी हे सगळं माझ्या हातानं लिहिलंय, तारखेसह. लिहिलं आणि कळलं नाही.

घरात शिरलो तर ती तांदूळ निवडत होती. तिच्या शेजारी बसलो आणि कानातलं मशीन बोटानं नीट दाबून बसवलं. शिट्टी तिच्या श्वासात होती.

१५ फेब्रुवारी

तिला विचारलं, कधीपासून?

"गनपतीपासून."

"सांगितलं का नाहीस?"

तिनं तांदळाचं सूप खाली ठेवलं. "सांगितलं व्हतं. तुमी टीव्ही बघत व्हताव, पाठ माज्याकडं. घसा दुखतो म्हनलं. मग वाटलं, पुन्ना वरडून सांगू. पन वरडलं की लय दुखायचं."



२७ फेब्रुवारी

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे, स्वरयंत्राचा. गाठ मोठी आहे, श्वासाची वाट निम्म्याहून जास्त बंद झालीय. घशाला भोक पाडून श्वास घ्यायची वाट करावी लागेल आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. सुकन्या म्हणाली, "पूर्ण म्हणजे?" डॉक्टर म्हणाले, "जीव वाचवायचा तर आवाज ठेवता येणार नाही."

मी डॉक्टरांना वेगळं गाठून विचारलं : पंधरा वर्षं ही माझ्यासाठी ओरडून बोलली, त्यानं झालं का? ते म्हणाले, ओरडून कॅन्सर होत नाही, तंबाखूची मिसरी लावतात ना त्या? मिसरीचा हात असू शकतो. मी म्हटलं, लहानपणापासून लावते. ते म्हणाले, मग तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मी त्यांचं ऐकून घेतलं. पण महिनाभर रोज दुपारी तिला वाचायला कुणी बसवलं? ते मिसरीनं नाही बसवलं.

९ मार्च

उद्या ऑपरेशन. वॉर्डात आज दिवसभर मी तिच्याजवळ होतो. मशीनला नवीन सेल घातले.

मला वाटलं होतं ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, डाळीच्या डब्यात तमालपत्र टाकून ठेवा, नाहीतर पोरकिडे होतात. दूधवाल्याला सांगा अर्धा लिटर कमी. सुकन्येला सासूबरोबर भांडू नको म्हणावं, भांडलीस तरी जेवून भांड. खर्ज आवाज, मधे मधे तुटणारा, पण मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

मी म्हटलं, "इतकी वर्षं मला ऐकू येत नसताना पाठीमागे काय काय बोललीस?"

"शिव्या दिल्या."

"अजून?"

"तुमची बहिनीस मेली तवा तुमी रडला न्हायत. आमी सगळ्या हंबरडा फोडत व्हतो, तुमी नुस्ते भिताडाला टेकून. त्या दिसी मी चुलीजवळ बसून म्हनलं, द्येवा, ह्या मानसाला रडनंसुदा आयकू येत न्हाय, ह्यो एकला कसा ऱ्हाईल? माज्या आधी ह्याला ने."

हे सांगून ती लाजली. म्हणाली, "रागावू नका." मी म्हटलं, बरोबरच मागितलंस.

चार वाजता म्हटलं, एक ओवी म्हण. तिनं मान हलवली. "ती आठवनीतली ऱ्हाऊ द्या. आता म्हनली तर हीच ध्यानात ऱ्हाईल." मग नर्स आली आणि मला बाहेर जायला सांगितलं.

२१ मार्च

मानेच्या भोकातून श्वास घेते. कफ काढायचं यंत्र असतं, त्याचा आवाज ऐकवत नाही. तिला पाटी आणि पेन्सिल दिली आहे. पण हाताला सलाइन, लिहिलेलं कुणाला लागत नाही. नर्स विचारते, सुकन्या विचारते, ती ओठ हलवते आणि कुणाला कळलं नाही की डोळे मिटून घेते.

आज मी मशीन काढलं होतं, त्या यंत्राच्या आवाजानं डोकं दुखत होतं. गोदू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मी उठून तिच्या टाचेखालची चादरीची घडी सारखी केली. सुकन्या बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

मला स्वतःलाच कळलं नव्हतं मी काही वेगळं केलं म्हणून. लूमच्या खात्यात शंभर माग चालू असताना कोण कुणाचं ऐकतं? धोटा अडकला, धागा तुटला, जेवायला चल, सगळं ओठांवर. मग कान गेले तेव्हा घरातही तेच. गोदूचे ओठ तर मी किती वर्षं वाचतोय. त्यात आवाज कधी नव्हताच.

बाजूच्या खाटेवरच्या बाईंचा नवरा गैबीनगरचा, तोही लूमवालाच. तो म्हणाला, "चाचा, आपके कान की मशीन तो इधर पड़ी है, फिर सुना कैसे?" मी म्हटलं, "देखा."

तेव्हापासून डॉक्टर राउंडला आले की आधी मला बोलावतात.

१८ जून

बरेच दिवस लिहिलं नाही. किरणांचे तीस दिवस झाले. गोदू घरी आहे. पेजेत मासा कुस्करून खाते. काल अंगणात बसून शेजारणीची नक्कल केली, नुसत्या तोंडानं आणि हातांनी, मी हसून हसून बेजार. तनया मॅडमकडे गेलो होतो. गोदूलाही नेलं होतं. मॅडमनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "काकू, मी काकांना तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं." गोदू काहीतरी म्हणाली. मी मॅडमना सांगितलं : "ती म्हनते, सांगितलं असतं तरी ह्यांना आयकू आलं नसतं." मॅडमचे डोळे भरले, गोदू मात्र हसत होती.

२२ ऑगस्ट

मानेत पुन्हा गाठ. छातीच्या फोटोतही काही दिसतं.

२८ ऑगस्ट

आज मी खोटं बोललो.

डॉक्टर पुढच्या औषधांचं सांगत होते. सलाइनमधून द्यायची, दर तीन आठवड्यांनी. बरं होईल असं नाही, काही महिने मिळू शकतील. त्रास होईल. सुकन्या म्हणाली, "करायचं. जे असेल ते सगळं करायचं." गोदू माझ्याकडे बघून म्हणाली, "बस झालं. घरी न्या."

डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी म्हटलं, "पाणी मागते."

सुकन्येनं पाण्याची बाटली पुढे केली. गोदूनं ती घेतली नाही. माझ्याकडेच बघत राहिली. रागानं नाही. खोलीत एवढी माणसं होती, आणि तिचं बोलणं कळणारा मी एकटाच. मीच ते मधे अडवलं. गाडीत कशेळीच्या पुलापर्यंत मी बाहेर बघत बसलो, म्हणजे तिचे ओठ दिसायला नकोत.

२९ ऑगस्ट

सकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. माझी हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवलं. म्हणाली, "तुमाला कळलं व्हतं."

मी म्हटलं, "हो."

"मग?"

मी म्हटलं, मी एकटा राहू शकणार नाही. मोठ्यानं म्हटलं असावं, कारण शेजारची गाय दचकली. तिनं हनुवटी सोडून माझा हात धरला. मग म्हणाली, "ते मना म्हाईत हाय. पन मी लय दमले."

१ सप्टेंबर

पुन्हा डॉक्टरांसमोर बसलो. तेच टेबल, सुकन्या उजवीकडे. मी म्हटलं, "त्या दिवशी तिनं पाणी मागितलं नव्हतं. आता तिला पुन्हा विचारा."

त्यांनी विचारलं. गोदू बोलली. मी तिचा एकेक शब्द मोठ्यानं सांगितला. "औषध नको. मना घरी ऱ्हायाचंय. दुखू नये एवढंच बघा."

सुकन्या रडायला लागली. "बाबा, तुम्हाला नीट कळलं का? परत बघा ना. कदाचित वेगळं म्हणत असेल."

गोदूनं सुकन्येच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे तोंड करून पुन्हा तेच म्हणाली, सावकाश, एकेक अक्षर सोडवून, पहिलीच्या मुलाला शिकवावं तसं.

"तेच म्हनते," मी म्हटलं.

५ ऑक्टोबर

गोदू काल सकाळी नऊच्या सुमारास गेली. घरीच. दुखण्याचं औषध चालू होतं, त्रास झाला नाही. सुकन्या पाय चोळत होती, मी उशाशी होतो. अनंता दारात उभा होता.

सगळे विचारतात, शेवटी काही बोलली का? बोलली. ओठ दोनदा हलले, माझ्याकडे बघून. लहानसंच वाक्य होतं.

सुकन्येनं विचारलं, "बाबा, आई काय म्हणाली?"

मी तिला खरं ते सांगितलं : माझे डोळे भरलेले होते, ओठांवरचे शब्द मला दिसले नाहीत.